मॉरिशसच्या हिंदी शाळेला टिळकांचं नाव कसं आलं, आणि ती टिकली कशी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नोकरीनिमित्त तुम्ही मॉरिशसला गेलात. ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं सांगितलं की लाँग माउंटन गावात त्याच्या आजोबांनी ज्या हिंदी शाळेत धडे गिरवले, तिचं मूळ नाव ‘तिलक विद्यालय’. त्याचे आजोबा भोजपुरी बोलणारे, गावही बहुतेक भोजपुरीच. मग टिळकांचं नाव तिथे कुठून आलं? आणि ज्या बेटावर रस्त्यात, दुकानात, बसमध्ये सगळे क्रिओलच, म्हणजे फ्रेंचमधून घडलेली तिथली बोलीच, बोलतात, तिथे हिंदीची शाळा शंभर वर्षं टिकली कशी?

मी वर्ध्याची. चौतीस वर्षं हिंदी शिकवलं, राष्ट्रभाषेच्या परीक्षांचे पेपर तपासले, आणि त्यातली बरीच वर्षं मॉरिशसहून हिंदी शिकायला येणाऱ्या मुलामुलींना शिकवण्यात गेली. निवृत्तीनंतर दोनदा तिकडे जाऊन आले. हा विषय माझ्या फार जवळचा आहे, म्हणून उत्तर लांबेल.

आधी तारखा सांगते. १२ जून १९२६ ला लाँग माउंटनला, म्हणजे तिथल्या फ्रेंच नावानं मोंताइन लाँगला, तिलक विद्यालय सुरू झालं. १९३५ मध्ये त्याच कामाला ‘हिंदी प्रचारिणी सभा’ हे नाव मिळालं आणि रीतसर नोंदणी झाली. गावातल्या मंगर भगत कुटुंबाचं नाव या कामात पहिल्यापासून घेतलं जातं. सभेचं ब्रीद तुम्ही ऐकलं असेलच: ‘भाषा गई तो संस्कृति गई’.

पण शाळा १९२६ ला सुरू झाली एवढंच सांगितलं तर अर्धीच गोष्ट होते. तिच्याआधी बैठका होती.

२ नोव्हेंबर १८३४ ला ‘अ‍ॅटलास’ नावाचं जहाज ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईला लागलं. त्यानंतर १९१० पर्यंत साडेचार लाखांच्या आसपास माणसं भारतातून या बेटावर उतरली. बहुतेक कलकत्त्याहून, बिहार आणि आजच्या पूर्व उत्तर प्रदेशातली. मद्रासहून तमिळ आणि तेलुगू, मुंबई बंदरातून आपली कोकणातली माणसं. सगळे उसाच्या मळ्यावर. दिवसभर मळेवाल्याचं काम, आणि संध्याकाळी वस्तीतल्या एका झोपडीत जमायचं. ती झोपडी म्हणजे बैठका. वर उसाच्या पाचटाचं छप्पर, खाली सारवलेली जमीन, मधे एक दिवा. तिथे रामायण वाचलं जाई, भांडणं मिटवली जात, लग्नं ठरत, आणि ज्याला चार अक्षरं येत तो पोरांना ती शिकवी. मास्तर असा वेगळा कोणी नव्हता. सकाळी ऊस तोडणाराच संध्याकाळी गुरुजी व्हायचा.

आता इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. या माणसांची घरची भाषा हिंदी नव्हती, भोजपुरी होती. बैठकात वाचायचा ग्रंथ तुलसीदासांचा, म्हणजे अवधी. लिहिता येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना देवनागरी नव्हे तर कैथी येत असे. आपल्याकडे मोडी होती ना, हिशेब, पत्रं, दस्त सगळं मोडीत आणि पोथी बाळबोधीत, तशीच बिहारमध्ये व्यवहाराला कैथी. म्हणजे घरात एक भाषा, देवासमोर दुसरी, आणि वहीत तिसरीच लिपी. आज आपण ज्याला हिंदी म्हणतो ती खडी बोली या सगळ्यांवर नंतर आली. शाळेनं आणली. ती घरातून शाळेत गेली नाही, शाळेतून घरात यायला निघाली होती. पोहोचली की नाही ते पुढे येईलच.

आणणाऱ्यांत आर्य समाजाचा वाटा मोठा. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून त्यांनी बेटावर काम उभारलं, आणि त्यांच्या प्रचाराची भाषाच हिंदी असल्यानं वाचायला शिकणं हा धर्माचा भाग झाला. मुलींना पाटी-पेन्सिल देण्यातही ते पुढे होते. त्याआधी १९०१ मध्ये गांधीजी दक्षिण आफ्रिकेहून परतताना काही दिवस मॉरिशसला थांबले होते आणि मुलांना शिकवा, राजकारणात पडा असं सांगून गेले होते. १९०७ मध्ये बॅरिस्टर मणिलाल डॉक्टर आले. मजुरांचे खटले लढले, १९०९ मध्ये ‘हिन्दुस्तानी’ हे पत्र काढलं. ते पत्र पुढे हिंदीतही निघालं. छापलेला कागद गावात यायला लागला की वाचणारा लागतो. बैठकात पोरांची गर्दी वाढली ती अशी.

आता टिळक. १९२६ म्हणजे लोकमान्य जाऊन सहा वर्षं झाली होती. आपल्याकडे टिळक म्हटलं की केसरी, मंडाले, गणेशोत्सव एवढं पटकन आठवतं. पण त्यांच्या चतुःसूत्रीत स्वराज्य, स्वदेशी आणि बहिष्कार यांच्या जोडीला चौथं सूत्र होतं राष्ट्रीय शिक्षण: सरकारच्या पैशावर आणि सरकारच्या मर्जीवर न चालणारी, लोकांनी आपल्या खिशातून उभी केलेली शाळा. १९२१ मध्ये पुण्यात त्यांच्या नावानं विद्यापीठ निघालं ते याच विचारातून. लाँग माउंटनच्या ऊसकऱ्यांनी जी शाळा काढली ती शब्दशः अशीच होती. सरकारी शाळांत इंग्रजी आणि फ्रेंच. ही गावाची, गावाच्या जागेवर, गावाच्या वर्गणीवर.

दुसरा धागा लोकांना फारसा माहीत नसतो. डिसेंबर १९०५ मध्ये काशीला नागरी प्रचारिणी सभेच्या परिषदेत टिळकांनी भाषण केलं होतं, आणि सगळ्या भारतीय भाषांसाठी एक लिपी हवी, ती देवनागरी असावी, अशी बाजू मांडली होती. ज्या गावात कैथी सोडून नागरी गिरवायला घेतली जात होती, त्या गावाच्या शाळेला हे नाव शोभतंच. तिसरा धागा गोखल्यांचा. १९१२ मध्ये गिरमिट पद्धत, म्हणजे करारानं बांधून मजूर परदेशी नेण्याची पद्धत, पूर्ण बंद करा असा ठराव त्यांनीच कलकत्त्याच्या कायदेमंडळात मांडला. ठराव पडला, पण पाच वर्षांत ती भरती थांबली. समुद्रापार राबणाऱ्या माणसाला महाराष्ट्रातली ही नावं परकी नव्हती. टिळक त्यांना ‘मराठी’ नव्हतेच, ते देशाचे होते. आपण मराठी माणसं त्यांच्यावर आपला शिक्का मारून बसलो, म्हणून आपल्याला नवल वाटतं.

शाळेच्या सुरुवातीच्या दिवसांतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे ‘दुर्गा’. १९३५ च्या सुमाराला या मंडळींनी काढलेलं हस्तलिखित मासिक. छापखान्याचा खर्च झेपणारा नव्हता, म्हणून हातानं लिहायचं आणि एकाकडून दुसऱ्याकडे फिरवायचं. आपल्याकडे कॉलेजांत भित्तिपत्रकं निघतात, तसं हे नव्हे. विचार करा, दिवसभर कोयता धरलेला हात संध्याकाळी बोरू धरतो आणि लेख सुवाच्य अक्षरात उतरवून काढतो, कारण पुढच्या घरी तो वाचला जायचाय. शाळेत अक्षर सुधारण्यावर आम्ही मास्तर लोक एवढा जोर देतो, त्याला इतकं खरं कारण मी दुसरीकडे पाहिलं नाही.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. शाळा टिकली कशी? माझ्या मते तीन गोष्टींमुळे, आणि त्यांतली पहिलीच सगळ्यांत भारी.

पहिली म्हणजे अक्षराला मोल आलं. १९४७ पर्यंत मॉरिशसमध्ये मत द्यायला मालमत्ता किंवा उत्पन्न लागे. त्यामुळे लाखो भारतीय वंशाची माणसं असूनही मतदार जेमतेम १२ हजार. १९४७ च्या नव्या घटनेनं अट बदलली: साधी वाक्यं लिहिता-वाचता आली की मत. आणि ती वाक्यं इंग्रजी-फ्रेंचमध्येच हवीत असं नाही, बेटावरच्या भारतीय भाषांतही चालतील. पंडित वासुदेव विष्णुदयाल १९३९ मध्येच भारतातून शिकून परतले होते आणि त्यांचं जन आंदोलन गावोगाव पोहोचलं होतं. आता त्यांचे स्वयंसेवक पाटी घेऊन बैठकांत बसले. १९४८ च्या निवडणुकीला मतदार झाले ७० हजारांच्या वर. निवडून आलेल्यांत निम्म्याहून जास्त भारतीय वंशाचे. वीस वर्षांनी, १२ मार्च १९६८ ला, देश स्वतंत्र झाला.

माझ्या एका विद्यार्थिनीनं तिच्या पणजीची हकिगत सांगितली होती. वय चाळिशीच्या पुढे, हाताला पाचटाचे चरे पडलेले. नाव जानकी. ‘जा’ जमला, ‘न’ जमला, पण ‘की’ची वेलांटी दर वेळी अक्षरापासून सुटून दूर जायची. रात्री घरी आल्यावर ती चुलीतल्या राखेत बोटानं तेवढा एकच ‘की’ काढत बसायची. सून विचारायची, अम्मा, जेवायचं नाही का? महिन्याभरानं ती नावापुढचं वाक्यही लिहायला लागली. नाव नोंदवायला गेली तेव्हा साहेबानं कागद पुढे सरकवला आणि हिनं एका दमात लिहून परत दिला. त्या घरात पुढे चार शिक्षक झाले. माझी विद्यार्थिनी त्यांतली शेवटची.

भाषा ‘जपा’ म्हणून कोणी शाळेत येत नाही, आलं तरी दोन महिने टिकतं. ती आली तर काहीतरी हातात पडतं हे दिसलं, की माणूस राखेतसुद्धा गिरवतो.

दुसरी गोष्ट परीक्षा. सभेनं प्रयागच्या हिंदी साहित्य संमेलनाच्या परीक्षा बेटावर आणल्या. परिचय, प्रथमा, मध्यमा, उत्तमा. वर्ध्याच्या समितीची कोविद परीक्षा आपल्याकडे अनेक घरांत आई-मावशीनं दिलेली असते, तेच नातं. शहाण्या माणसांनी या परीक्षांना घोकंपट्टी म्हणून नावं ठेवलेली मी ऐकली आहेत. पण पायरी असली की मूल चढतं. बैठकात नुसतं ‘शिकत राहा’ म्हटलं असतं तर बाराव्या वर्षी गळती झाली असती. प्रथमा झालेला मध्यमाकडे बघतो, आणि मध्यमा झालेला खालच्या वर्गाला शिकवायला उभा राहतो. शिक्षक बाहेरून मागवावे लागले नाहीत, शाळेनं स्वतःचे तयार केले. तुमच्या बेटावरच्या हिंदी लेखकांपैकी कितीतरी जण आधी शिक्षक होते. अभिमन्यु अनत यांनीही अनेक वर्षं हिंदी शिकवलं.

तिसरी गोष्ट, सरकारनं नंतर हात दिला. १९५० च्या दशकात हिंदी शिक्षकांचं प्रशिक्षण सुरू झालं, प्राथमिक शाळांत हिंदी रीतसर आली. मोका या गावी महात्मा गांधी संस्था उभी राहिली. हा भाग कागदपत्रांत सविस्तर मिळतो, म्हणून इथे रेंगाळत नाही. एवढंच सांगते की मुलांच्या निकालात हिंदीसारख्या भाषांचे गुण धरायचे की नाही, हा वाद इतका पेटला की १९९५ ची निवडणूक त्याच्याच भोवती झाली, आणि सत्ताधाऱ्यांना मुख्य बेटावरच्या ६० पैकी एकही जागा मिळाली नाही. भाषेच्या मार्कांवरून सरकार गेलं, असा दुसरा देश मला माहीत नाही.

मधेच नागपूरबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. पहिलं विश्व हिंदी संमेलन जानेवारी १९७५ मध्ये नागपूरला झालं, आमच्या वर्ध्याच्या राष्ट्रभाषा प्रचार समितीच्या पुढाकारानं. प्रमुख पाहुणे होते मॉरिशसचे पंतप्रधान सर शिवसागर रामगुलाम. मी तेव्हा कॉलेजात होते, स्वयंसेवकांत नाव दिलं होतं. चहाच्या रांगेत मॉरिशसचे दोन पाहुणे आपसात बोलत होते ते मी कान देऊन ऐकलं. मला वाटलं होतं शुद्ध पुस्तकी हिंदी ऐकायला मिळेल. ते बोलत होते भोजपुरी, अधूनमधून फ्रेंचसारखे वाटणारे शब्द. मी जवळ गेले तसे दोघंही सावरले आणि एकदम व्याकरणशुद्ध हिंदीत बोलायला लागले. तेव्हा मला त्यांचं कौतुक वाटलं. त्या सावरण्यात काय होतं ते कळायला मला पुढची वीस वर्षं लागली.

कळलं ते असं. वर्गात एका मॉरिशसच्या मुलानं निबंधात लिहिलं, ‘हम किताब पढ़त बानी’. मी लाल पेनानं ‘हम’ खोडला, वर ‘मैं’ लिहिलं, ‘पढ़त बानी’ला गोल केला आणि समासात ‘अशुद्ध’ असा शेरा मारला. मुलगा हुशार होता, भरभरून बोलायचा. त्या दिवसापासून वर्गात तोंड उघडेना. शेवटी विचारलं तर म्हणाला, “मॅडम, आजी अशीच बोलायची. मी तिच्याचकडून शिकलो.” मी घरी आले आणि मला आमच्या गावची शाळा आठवली. मी ‘मले’ म्हटलं की आमचे गुरुजी ‘मला म्हण’ म्हणून हातावर छडी मारायचे. तेच मी त्या पोराला केलं होतं, फक्त छडीच्या जागी पेन. दुसऱ्या दिवशी वर्गात मी फळ्यावर दोन्ही वाक्यं लिहिली आणि सांगितलं की पहिलं चूक नाही, ती दुसरी भाषा आहे. त्यानंतर जोपर्यंत शिकवलं तोपर्यंत ‘अशुद्ध’ हा शेरा मी कुणाच्याही घरच्या शब्दावर मारला नाही.

तुम्ही विचारलंत की रस्त्यात हिंदी का ऐकू येत नाही. उत्तर इथे आहे. हिंदी रस्त्यावर कधी नव्हतीच. रस्त्यावर, मळ्यात, स्वयंपाकघरात भोजपुरी होती, आणि ती गेली. २००० च्या जनगणनेत घरात भोजपुरी बोलणारे सुमारे १२ टक्के होते, २०११ मध्ये ५ टक्क्यांच्या आसपास उरले. तिची जागा हिंदीनं नाही घेतली, क्रिओलनं घेतली. आजचं मूल घरी ‘मो पे आल लेकोल’ म्हणतं, म्हणजे मी शाळेत चाललोय, आणि शाळेत जाऊन ‘मैं विद्यालय जा रहा हूँ’ लिहितं. मधलं आजीचं ‘हम जात बानी’ दोन्हीकडून सुटलं. हिंदी शाळेनं भोजपुरी मारली असं मी म्हणणार नाही, ते खोटं ठरेल. शहर, नोकऱ्या, फ्रेंच वर्तमानपत्रं, टीव्ही यांनी ती मारली. पण ‘भाषा गई तो संस्कृति गई’ म्हणणाऱ्या शाळेनं त्यातली ‘भाषा’ म्हणजे फक्त खडी बोली मानली, आणि जी भाषा खरोखर घरात जिवंत होती तिला गावंढळ म्हणून दाराबाहेर ठेवलं. माझ्यासारख्या, इथून शिकवणाऱ्यांचाही त्यात हात आहे. अलीकडे तिथल्या लग्नघरातल्या गीत-गवईला २०१६ मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली, बायका पुन्हा ती गाणी शिकताहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. गाणी राहिली की निदान क्रियापदं राहतात.

तुम्ही मराठी आहात म्हणून हेही सांगते. मुंबईहून गेलेल्या आपल्या लोकांचंही असंच झालं. शाळेत मराठी हा विषय मिळतो, महात्मा गांधी संस्थेत पदवीपर्यंत मराठी आहे, गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. पण त्या घरांतून जी कोकणी वळणाची मराठी पणजीबरोबर गेली ती पाठ्यपुस्तकातल्या पुणेरी मराठीनं परत आली नाही. कुणी मराठी वंशाचा सहकारी भेटला आणि आडनावाचा पत्ता लागेना, तर त्याला मोकाच्या संस्थेत पाठवा. मजुरांच्या नोंदवह्या तिथे जपलेल्या आहेत. नंबर, बापाचं नाव, गाव. बेटावर बरीच आडनावं म्हणजे जहाजातून उतरलेल्या पहिल्या माणसाचं पाळण्यातलं नाव असतं, हे ध्यानात ठेवलं की शोध सोपा जातो.

लाँग माउंटनला जाल तेव्हा सुट्टीच्या दिवशी नुसती इमारत बघायला जाऊ नका. वर्ग भरतो तो दिवस विचारून घ्या. मागच्या बाकावर बसा, मास्तर ना म्हणणार नाहीत, भारतातून आलेल्याला ते फार प्रेमानं बसवून घेतात. वर्ग सुटला की लगेच निघू नका, दहा मिनिटं आवारात थांबा. पोरं कोणत्या भाषेत भांडतात ते ऐका आणि मला कळवा. मी शेवटची गेले तेव्हा एका पोरीनं चप्पल लपवणाऱ्या भावाला क्रिओलमध्ये दोन शिव्या दिल्या, आणि तिसरी मात्र आजीची होती, अस्सल भोजपुरी.